फक्कीच्या बाहेर गाडी गेली की नाही यावरून दरवर्षी भांडण, आणि मागच्या वेळी तर अपघात. ट्रॅकची हद्द कशी पाळायला लावायची?

होटगीरोड_कार्टिंग

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा प्लीज.

आम्ही सोलापुरातली इंजिनिअरिंगची पोरं. चार कॉलेजच्या टीम मिळून दरवर्षी स्वतः बनवलेल्या गो-कार्टची टाइम ट्रायल घेतो, एका वेळी एकच गाडी, प्रत्येकाला तीन राऊंड, ज्याचा टायमिंग कमी तो जिंकला. जागा म्हणजे एका बंद गिरणीचं काँक्रीटचं आवार, रीतसर परवानगी काढून घेतो. ट्रॅक कोन लावून आखतो आणि कडेनं चुन्याची फक्की मारतो.

मागच्या वर्षी काय झालं, सरळ रस्ता संपला की जो यू-टर्न आहे ना, तिथं फक्कीच्या बाहेर पण दोन-अडीच मीटर सपाट काँक्रीटच हाय. एका ड्रायव्हरच्या लक्षात आलं की ब्रेक कमी मारून बाहेर पसरून गेलं तर अर्धा सेकंद सहज वाचतोय. पहिल्या राऊंडला तो एकटा गेला, दुसऱ्या राऊंडला सगळेच जायला लागले. आमची दोन पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती पण ती पण स्पर्धेतल्याच टीमची, मग हा म्हणतो दोन चाकं आत होती, तो म्हणतो चारही बाहेर, संध्याकाळी सातपर्यंत वाद, एक टीम बक्षीस न घेता निघून गेली ती अजून बोलत नाही आमच्याशी.

हे एक वेळ चालेल. पण शेवटच्या राऊंडला एका गाडीची ब्रेकची लाइन सुटली आणि गाडी त्याच यू-टर्नला सरळ गोडाऊनच्या भिंतीवर गेली. समोर टायर ठेवले होते आम्ही, एकावर एक, सुटे. गाडी त्यातून अशी गेली की टायर तिथं नव्हतेच जणू. ड्रायव्हर माझा रूममेट, मनगट मोडलं, आत प्लेट टाकावी लागली. ट्रॅक मीच आखला होता त्यामुळं ते डोक्यातून जातच नाही.

यंदा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी परत घ्यायचंय. हद्दीचा नियम कसा करायचा आणि बाहेर मोकळी जागा किती सोडायची, कुणाला माहिती असेल तर नीट सांगा.

---

नवीपेठ_टिफोसी

भावा आधी रूममेटला सांग लवकर बरा हो. आणि विचारलंस ते लय चांगलं केलंस.

तुझ्या यू-टर्नला जे झालं तेच्या तेच फॉर्म्युला वनमध्ये झालंय, तेही करोडोच्या गाड्या आणि शंभर कॅमेरे असताना. २ जुलै २०२३, ऑस्ट्रिया, रेड बुल रिंग. शेवटचे दोन कॉर्नर, नऊ आणि दहा नंबरचे, लय फास्ट आणि बाहेर सपाट डांबर. बाहेर पसरलं की वेळ वाचतो आणि गाडीला काही होत नाही, मग कोण आत राहणार? त्या एका रेसमध्ये १२०० च्या वर प्रसंग तपासायला आले. रेस चालू असताना तेवढं बघून होईना, मग रेस संपल्यावर अॅस्टन मार्टिननं तक्रार टाकली, परत सगळं तपासलं आणि आठ ड्रायव्हरना नंतर सेकंद लावले. फेरारीचा साइन्झ चौथा आला होता तो सहावा झाला. लोक टीव्ही बंद करून झोपले तेव्हा निकाल वेगळा आणि उठले तेव्हा वेगळा. मी फेरारीचा फॅन हाय, मला त्या रात्री किती राग आला होता विचारू नको, पण नियम वाचला तर चूक ड्रायव्हरचीच होती.

नियम साधा हाय. पांढरी रेषा ट्रॅकमध्ये धरतात, कर्ब, म्हणजे कडेचा रंगीत उंचवटा, धरत नाहीत. गाडीचा कुठलाच भाग ट्रॅकला टेकलेला नसेल तरच ती बाहेर, म्हणजे एक चाक जरी रेषेवर असलं तरी आत. तेव्हा रेसमध्ये तिसऱ्या वेळेला ताकीद म्हणून काळा-पांढरा झेंडा दाखवायचे आणि चौथ्याला ५ सेकंद. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसच्या आधी लॅपचा टायमिंग बघून नंबर लावतात तिथं, मात्र माफी नाही, बाहेर गेलास की ती लॅप रद्द. त्याच ऑस्ट्रियात रेड बुलच्या पेरेझच्या दुसऱ्या सेशनमधल्या तीन लॅप अशाच उडवल्या आणि तो पंधरावा राहिला, एवढी भारी गाडी हाताखाली असून.

तुमची टाइम ट्रायल हाय म्हणजे क्वालिफायिंगच की, तर सेकंदाच्या भानगडीत पडूच नका, बाहेर गेला की राऊंड रद्द.

आणि दुसरं म्हणजे नियम मधेच बदलायचा नाही. २०२१ ला बहारीनला चौथ्या वळणाला प्रॅक्टिस आणि क्वालिफायिंगमध्ये हद्द मोजत होते आणि रेसमध्ये मोजणार नाही असं आधी सांगितलेलं. हॅमिल्टन दर लॅपला बाहेर जायला लागला. मग मधेच रेडिओवर सांगितलं की आता आत राहा. शेवटी व्हर्स्टॅपननं त्याच वळणाला बाहेरून ओव्हरटेक केलं तर त्याला जागा परत द्यावी लागली आणि हॅमिल्टन पाऊण सेकंदानं जिंकला. नियमाच्या भाषेत सगळं बरोबर असेल पण बघणाऱ्याला वाटलं एकाला एक आणि दुसऱ्याला एक. तुमच्यात तर एकमेकांच्या ओळखीची पोरं, तिथं असं झालं की दोस्तीच संपते.

ऑस्ट्रियानं २०२४ ला काय केलं माहितीय का, त्या नऊ-दहा नंबरला कर्बच्या बाहेर खडीचा पट्टा टाकला. बास. तिथला प्रश्न बहुतेक संपला कारण बाहेर गेला की त्याचाच वेळ जातो. तू पण यू-टर्नच्या बाहेर खडी टाक.

---

बांधावरचा

मी मोहोळकडचा, रेस-बिस काय कळत नाही, भाऊ बघतो म्हणून मी पण बघतो. पण वरचं वाचून एक लिहावंसं वाटलं.

आमच्याकडं याला बांध कोरणं म्हणतात. शेजारी दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधात घालतो, एका वर्षात काय दिसत नाही, दहा वर्षांत बांध अर्धा होतो आणि मग मोजणी आणा, भूमापक आणा, कोर्टात जा. माझ्या आजोबांचं एक भांडण असंच बापापर्यंत आलं. ज्या बांधावर बाभळी हायेत, दगड रचलेत तिथं कधीच भांडण नाही बघा, कारण तिथं नांगर घातला तर फाळ मोडतो आणि फाळ त्याचा त्याला आणावा लागतो. नुसती मातीची वरंबी असली की कोरली जातेच, माणूस वाईट असतो असं नाही, समोर मोकळं दिसतं म्हणून बैल वळवताना आपोआप जातं.

तुमची फक्की म्हणजे मातीची वरंबी झाली. तिथं काहीतरी असं पाहिजे की बाहेर जाणाऱ्याचं तिथल्या तिथं नुकसान व्हावं. पण फाळ मोडला तर चालतंय, माणूस मोडायला नको.

---

मार्शल_सातरस्ता

बांधावरचे, तुमचं शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

मी कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला काही वर्षं झेंडा घेऊन उभा राहिलोय, आता वय झालं. टिफोसी, तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, पण त्या आवारात खडी टाकू नका.

कारण सांगतो. कार्टचं पोट जमिनीपासून दोन बोटं वर. आडवी घसरत खडीत गेली की बाहेरची चाकं रुततात आणि गाडी पलटते, आणि तुमच्या पोरांनी बनवलेल्या गाडीला रोल केज, म्हणजे उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा पाइपचा सांगाडा, असतोच असं नाही. खडी गाडीला थांबवते ती चाकं खाली असतील तर. २०२२ ला सिल्व्हरस्टोनला झोऊची गाडी पहिल्या वळणाला उलटी झाली, उलटीच डांबरावरून खडीत आणि खडीवरून सरपटत गेली, खडीनं तिला काही अडवलं नाही, टायरच्या भिंतीवरून उडून मागच्या जाळीला लागली. पोरगा हॅलोमुळं, म्हणजे डोक्याभोवतीच्या धातूच्या कडीमुळं, वाचला. अलोन्सोची २०१६ ची मेलबर्नची गाडी पण खडीत पोचल्यावरच कोलांट्या खायला लागली.

मग डांबर चांगलं का? तर ड्रायव्हरच्या हातात गाडी असेल तर नक्की चांगलं, कारण ब्रेक लागतो, स्टिअरिंग चालतं, म्हणून तर मधल्या काळात जिकडंतिकडं खडी काढून डांबर केलं. फ्रान्सच्या पॉल रिकार सर्किटला तर निळे-लाल पट्टे आहेत, लाल पट्ट्यावर गेलं की टायर घासून गाडी थांबते. पण ब्रेकच गेला असेल तर सपाट काँक्रीट काय करणार, तुमच्या रूममेटच्या वेळी तेच झालं. म्हणजे बाहेरची जागा कशाची करायची हे कुठली चूक गृहीत धरताय त्याच्यावर आहे. लोभानं बाहेर जाणारा वेगळा आणि ब्रेक फेल होऊन जाणारा वेगळा, दोघांसाठी एकच उपाय शोधायला गेलात की फसणार.

लोभासाठी माझा उपाय असा, यू-टर्नच्या एक्झिटला कोनचं गेट करा, रुंदी गाडीच्या दीडपट. बाहेर पसरणाऱ्याला गेट सापडतच नाही, गेट चुकलं की राऊंड रद्द, व्हिडिओ बघायची गरज नाही. आणि फक्कीच्या बाहेर एक मीटरभर चाळलेल्या वाळूचा पातळ थर, बोटभर, जास्त नाही. चाक सरकतं, वेळ जातो, पण रुतत नाही. एका वेळी एकच गाडी आहे म्हणजे मधे झाडू मारायला वेळ मिळतो, दोन पोरं झाडू घेऊन तिथंच ठेवा कारण वाळू ट्रॅकवर आली तर पुढच्याची गाडी त्यावर घसरणार.

उंच काहीतरी ठेवू असं कुणी म्हणेल, लाकडाचा ओंडका, सिमेंटची वीट, वाळूचं पोतं. अजिबात नको. २०१९ ला मोन्झाला फॉर्म्युला थ्रीमध्ये अॅलेक्स पेरोनीची गाडी कडेच्या त्या जाड सॉसेज कर्बवर चढली आणि विमानासारखी उडून जाळीवर पडली. २०२२ ला सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला टूमध्ये हाउगरची गाडी असल्याच कर्बवरून उडून निसानीच्या डोक्यावर आली, परत हॅलोनं वाचवलं. आणि आपल्याकडं, ऑक्टोबर २०११, बुद्ध सर्किट, भारतातली पहिली ग्रां प्री, फेरारीच्या फेलिपे मासानं कडेच्या कर्बवर गाडी घातली आणि सस्पेन्शन तुटलं, शनिवारी एकदा आणि रविवारी रेसमध्ये परत. हद्द शिक्षा करते हे खरं पण ती गाडीला हवेत फेकायला लागली तर ते हद्दीचं काम राहिलं नाही.

ब्रेक फेलसाठी जागा आणि बॅरिअर. आधी मापं सांगा. यू-टर्नला पोचताना वेग किती आणि भिंत किती मीटरवर?

---

होटगीरोड_कार्टिंग

काका खूप खूप धन्यवाद. सरळ भाग संपताना ५५ च्या आसपास असते गाडी. यू-टर्नच्या बाहेरच्या फक्कीपासून भिंत १८ मीटर.

विजापूर रोडला एक मैदान पण मिळतंय, पण तिथं काळी माती हाय. तिकडं जावं का?

---

बांधावरचा

काळ्या मातीत जाऊ नका. जानेवारीत ती भेगाळलेली असते आणि वरून दगडासारखी टणक, भेगेत चाक गेलं की मुरगळतं. आणि अवकाळी पडला तर चिखल असा की ट्रॅक्टर पण निघत नाही. गिरणीचं आवारच बरं.

---

मार्शल_सातरस्ता

बरोबर सांगितलं त्यांनी.

आता हिशोब करू. कोरड्या काँक्रीटवर ब्रेक चांगला असेल तर ५५ च्या वेगाला थांबायला साधारण १७ मीटर लागतात, आणि हे पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं, माणूस दचकून पाय टाकेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यातच अजून १५ मीटर गेले. तुमच्याकडं १८ आहेत. म्हणजे ब्रेक चालू असता तरी कदाचित भिंत लागली असती. हे तुझा दोष काढायला सांगत नाही रे बाळा, ट्रॅक आखताना हे कुणी शिकवत नाही.

पण वेग कमी केला की अंतर वेगाच्या वर्गानं कमी होतं. ३५ चा वेग असेल तर तेच अंतर ७ मीटर. म्हणून भिंत सरकत नसेल तर वेग सरकवायचा. १९९४ ला इमोला सर्किटच्या टाम्बुरेल्लो वळणाला भिंतीवर आदळून सेन्ना वारला. ते वळण पूर्ण वेगाचं आणि भिंत अगदी जवळ, पण भिंतीमागं नदी, त्यामुळं भिंत मागं घेता येत नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी ते वळणच मोडून शिकेन, म्हणजे डावी-उजवी नागमोडी वळणं, केली, गाडी तिथं हळू आल्याशिवाय जाऊच शकत नाही अशी. तुमचं गोडाऊन म्हणजे ती नदी समजा. सरळ भागाच्या मधे कोनची शिकेन घाला आणि यू-टर्न निदान दहा मीटर अलीकडं आणा. शिकेनच्या समोर मात्र मोकळं आवार असायला पाहिजे, म्हणजे ब्रेक गेलाच तर तो तिथंच कळेल आणि गाडी मोकळ्यात जाईल.

टायर सुटे ठेवायचे नाहीत. भोकं पाडून नटबोल्टनं एकमेकांना बांधायचे, किमान तीन ओळी खोल, आणि पुढून कन्व्हेयर बेल्टचं रबर लावायचं. बेल्ट नसेल तर गाडीचं नाक टायरच्या मधे घुसतं आणि तिथंच अडकून जोरात थांबते, किंवा टायर बाजूला होतात, तुमच्यासारखं. मोठ्या सर्किटला हेच करतात. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, जुना बेल्ट मागून बघा, बॉयलर हाऊसच्या मागं गुंडाळून पडलेला असतो. आणि टायरची भिंत गाडीच्या समोर आडवी नको, जरा तिरकी, म्हणजे गाडी घासत जाऊन थांबेल. फार तिरकी पण नको, नाहीतर परत ट्रॅकवर फेकली जाते. २०१९ ला स्पाला ह्यूबर्टची गाडी बॅरिअरला लागून तशीच उलट आली आणि मागून येणाऱ्या गाडीची धडक बसली. तो पोरगा बावीस वर्षांचा होता. तुमच्याकडं एका वेळी एकच गाडी आहे हे त्या दृष्टीनं फार चांगलं आहे, ते कधीच बदलू नका, कुणी कितीही म्हटलं की दोन सोडू मजा येईल.

अजून एक. बंद पडलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर किंवा टेम्पो आत घ्यायचा असेल तर आधी सगळं थांबवायचं, लाल झेंडा, पुढची गाडी स्टार्ट पण करायची नाही. २०१४ ला सुझुकाला पावसात बियांकी घसरून गेला तो दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनच्या ट्रॅक्टरवर. पोरगा परत शुद्धीवर आलाच नाही, पुढच्या वर्षी गेला.

आणि पब्लिक. तुम्ही प्रेक्षकांचं काही लिहिलंच नाही. कुठं उभे असतात?

---

होटगीरोड_कार्टिंग

यू-टर्नच्या बाहेरच काका. तिथून सगळ्यात भारी दिसतं ना. दोरी बांधतो आम्ही.

---

मार्शल_सातरस्ता

दोरी काढा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला एक पण माणूस नको, मार्शल पण नको, फोटोवाला तर मुळीच नको. १९५५ ला ल मान्सला एक गाडी उडून पब्लिकमध्ये गेली, ८० च्या वर माणसं गेली. तुमच्या कार्टचा तेवढा वेग नाही पण दोन क्विंटलच्या आसपास वजन ५० च्या वेगानं गुडघ्याला लागलं तर पाय राहत नाही. लोकांना आतल्या बाजूला, सरळ भागाच्या सुरुवातीला, स्टार्टच्या मागं उभं करा. दिसायला कमी भारी असेल. गड्ड्यात नंदीध्वज जाताना पण स्वयंसेवक हाताची साखळी धरतात ना, लोक मान देतात, तशी चार खमकी पोरं फक्त पब्लिक सांभाळायला ठेवा, त्यांना दुसरं काम द्यायचं नाही.

---

अक्कलकोट_रायडर

बाइकवाल्यांकडनं एक. मोटोजीपीमध्ये कर्बच्या बाहेर हिरवा रंग मारतात आणि तिथं चाक टेकलं की सेन्सर सांगतो. तीन वेळा झालं की वॉर्निंग, पाचव्यांदा लाँग लॅप, म्हणजे बाहेरच्या लांब रस्त्यानं जायचं, ते २०१९ पासून सुरू झालं. शेवटच्या लॅपला गेला आणि निकालात फरक पडत असेल तर एक नंबर खाली. कुणी वाद घालत नाही कारण शिक्षा तिथंच ट्रॅकवर होते.

सेन्सर तुमच्याकडं नसणार पण हिरवा रंग मारायला काय लागतंय? फक्की पांढरी, वाळू पांढरट, काँक्रीट पण पांढरट, दुपारच्या उन्हात ड्रायव्हरला काही वेगळं दिसतच नाही. मीटरभर डार्क हिरवा पट्टा मारा, गाडीतून पण दिसेल आणि मोबाईलवर पण.

आणि शूटिंग करणारा कुठं उभा होता? बाजूनं घेतलं तर चाक रेषेच्या आत की बाहेर कळतच नाही. मोबाईल स्टँडवर, रेषेच्या सरळ रेषेत, म्हणजे रेषा स्क्रीनमध्ये उभी दिसली पाहिजे. टेपनं फिक्स करा, कुणी हात लावायचा नाही.

---

नवीपेठ_टिफोसी

खडीचं मी मागं घेतो, काका बरोबर हायेत, मी टीव्हीवर बघून बोललो.

फक्त एक गोष्ट सोडवा. गाडी बिघडून बाहेर गेली, मुद्दाम नाही, तर राऊंड रद्द की परत संधी? फॉर्म्युला वनच्या नियमात योग्य कारण असेल तर सोडून देतात. मला वाटतं परत संधी द्यावी.

---

मार्शल_सातरस्ता

नाही द्यायची. संधी मिळणार म्हटलं की प्रत्येकाची गाडी बिघडलेली असते. पण ती गाडी परत ट्रॅकवर यायच्या आधी कुणीतरी बाहेरच्या माणसानं तिचे ब्रेक तपासायचे, हे मात्र सक्तीचं. आणि निर्णय देणारे दोघे कुठल्याच कॉलेजचे नकोत.

---

बांधावरचा

निर्णय द्यायला मी येतो. मला कुठल्या कॉलेजचं काय घेणं-देणं नाही, आणि रेषेच्या आत-बाहेर बघायची सवय हाय.

---

होटगीरोड_कार्टिंग

दादा या, नक्की या. रूममेटला दाखवला मी हा धागा, तो म्हणतो टायरला भोकं पाडायचं काम तो करणार, एका हातानं का होईना.

काका, ह्या रविवारी सकाळी आठला आवारात येता का? शिकेन नेमकी कुठं घालायची ते तिथं उभं राहून ठरवू. मी तुम्हाला सात रस्त्याला घ्यायला येतो.

---

मार्शल_सातरस्ता

येतो. पन्नास मीटरची टेप आण, तीस मीटरची पुरणार नाही. आणि मागच्या वर्षीचे कोन जिथं होते त्याच जागी आधी लावून ठेव, मला ते तसंच बघायचंय.